फिरती हवाटाकी : दोषांतून घडलेल्या साधनाचा इतिहास

टायरमध्ये हवा भरण्यासाठी जागोजागी नेता येणारी लोखंडी टाकी दिसायला अगदी साधी असते. तिला स्वतःचे इंजिन नसते. दुकानातल्या कॉम्प्रेसरवरून ती भरून घ्यायची आणि गाडी जिथे अडली असेल तिथे मुठीला धरून न्यायची, एवढाच तिचा व्यवहार. तिच्यावरचे हवा घेणारा व्हॉल्व्ह, दाब दाखवणारे गेज, जादा दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि तळाचा निचऱ्याचा नळ हे भाग मात्र निरनिराळ्या काळात, निरनिराळ्या धंद्यांत जन्मले, आणि त्यांतला जवळजवळ प्रत्येक भाग कोणत्या ना कोणत्या बिघाडावर शोधलेला उपाय होता. म्हणूनच टाकी बिघडली की दोष कुठे शोधावा, याचे उत्तर तिच्या इतिहासातच मिळते.

जर्मनीतील माग्डेबुर्ग येथील ऑटो फॉन गेरिके यांनी १६५० च्या सुमारास हवेचा पंप तयार केला, तो भांड्यातली हवा काढून घेण्यासाठी. १६६२ मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉइल यांनी प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार, तापमान कायम असेल तर वायूचा दाब वाढेल त्या प्रमाणात त्याचे आकारमान घटते. टाकीबद्दलची सर्वांत नेहमीची तक्रार, म्हणजे हवा शिल्लक असूनही टायर भरत नाही, ही या नियमाने उलगडते. वीस लिटरच्या टाकीत दर चौरस इंचाला १२० पौंड दाबाने भरलेली हवा ३५ पौंडांवर उतरेपर्यंत मोकळ्या हवेच्या मापाने सुमारे ११५ लिटर हवा देते. तीस लिटर पोकळीचे मोटारीचे टायर २० पौंडांवरून ३५ वर न्यायला सुमारे ३० लिटर लागते. त्यामुळे तीन टायर नीट भरतात आणि चौथ्याला टाकी धापा टाकू लागते, कारण दोन्हीकडचा दाब सारखा झाला की हवा पुढे सरकत नाही. हा बिघाड नव्हे. टाकी पुन्हा भरणे एवढाच त्यावर इलाज.

दाब कोंडला की फुटण्याचे भय आले. फ्रेंच संशोधक दनी पापँ यांनी १६७९ मध्ये बंद भांड्यात वाफेवर शिजवण्याचे यंत्र दाखवले आणि भांडे फुटू नये म्हणून त्यावर वजनाने दाबून धरलेली झडप बसवली. आजचा स्प्रिंगचा सेफ्टी व्हॉल्व्ह हा तिचाच वंशज. आतला दाब आकड्यांत वाचण्याची सोय पॅरिसच्या यूजेन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये पेटंट घेतलेल्या गेजमुळे झाली. त्यात चपटी, वाकवलेली धातूची नळी असते. दाब वाढला की ती सरळ होऊ पाहते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. टाकी पूर्ण रिकामी असताना काटा शून्यावर परतत नसेल, तर बहुधा ही नळी कायमची ताणली गेलेली असते, आणि असे गेज बदलण्यावाचून गत्यंतर नसते.

टायरची कथा याहून अलीकडची. स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्ये हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते. तरी ते विस्मृतीत गेले आणि १८८८ मध्ये बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी ही कल्पना नव्याने मांडली. भरलेली हवा परत बाहेर येऊ नये, हा टायरचा खरा प्रश्न होता. सायकलच्या वूड्स व्हॉल्व्हमध्ये छिद्रावर चढवलेली रबरी नळी तो सोडवते, तर अमेरिकेत १८९३ मध्ये पेटंट मिळालेल्या श्रेडर व्हॉल्व्हमध्ये मधली बारीक पिन दाबल्यावरच वाट उघडते. फिरत्या टाकीला हवा घेण्यासाठी बहुधा हाच श्रेडर व्हॉल्व्ह बसवलेला असतो. त्यामुळे तिथून गळती असली तर ट्यूबला वापरतात तीच आतली पिन बदलून काम भागते.

शेवटचा शत्रू पाणी. हवा दाबली की तिच्यातली वाफ तशीच आत येते आणि टाकी थंड झाल्यावर तळाशी पाणी साचते. कोकण-मुंबईच्या दमट हवेत ते अधिकच. त्याचा निचरा झाला नाही, तर पत्रा आतून गंजून पातळ होतो, आणि बाहेरच्या रंगावरून त्याचा थांग लागत नाही. टाकीची मजबुती तपासताना ती हवेऐवजी पाण्याने भरून दाब देतात, कारण पाणी जवळजवळ दबत नसल्याने पत्रा फाटला तरी स्फोट होत नाही. भारतातील १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३१ व्या कलमानेही, कारखान्यातील दाबाखालच्या यंत्रांमध्ये सुरक्षित दाबाची मर्यादा ओलांडली जाऊ नये म्हणून उपाय योजण्याची जबाबदारी घातली होती.

दोष शोधण्याचा क्रमही यातूनच ठरतो. भरलेली टाकी बाजूला ठेवून आधी गेज पाहावे. गरम हवा निवल्याने काटा थोडा उतरला तर ती गळती नव्हे. तो उतरतच राहिला, तर व्हॉल्व्ह, गेजचे आटे, पाइपचे सांधे आणि तळाचा नळ यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते पाहावे, आणि सांधा खोलण्यापूर्वी सगळी हवा सोडून द्यावी. सेफ्टी व्हॉल्व्ह अडकला तर तो बदलावा. बोल्ट ठोकून त्याचे तोंड कधीही बंद करू नये. सुट्या भागांचे दोष दुरुस्त करता येतात, परंतु पत्र्यालाच छिद्र पडलेली टाकी रस्त्याकडेला वेल्डिंग करून पुन्हा वापरात आणणे धोक्याचे आहे. ती भंगारातच काढावी.