मद्यभांडी, घरगुती (गोंदिया जिल्हा)

घरी आंबवलेले पेय मुरवण्यासाठी, गाळण्यासाठी, साठवण्यासाठी आणि वाढण्यासाठी वापरायची भांडी. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये हौसेने घरी बिअर करणाऱ्याला केग, म्हणजे पेय दाबाखाली साठवायचा पिंप, कोणता घ्यावा हा प्रश्न पडतो. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, गोंदिया जिल्ह्यात घरगुती मद्य म्हणजे मोहफुलांची दारू, आणि तिथे हाच प्रश्न मडके, गंज आणि ड्रम यांच्याबाबत पिढ्यान्‌पिढ्या पडत आला आहे. पेय कोणतेही असो, भांड्याच्या कसोट्या चारच : आंबट द्रवापुढे ते टिकते का, हवेला आत येऊ देते का, दाब सोसते का आणि आतून नीट धुता येते का. गोंदियात यांत पाचवी कसोटी कायद्याने घातली आहे : भांडे लपवता येते का. या पाचव्या कसोटीने पहिल्या चारींवर मात केली की पिणाऱ्याच्या जिवाशी खेळ सुरू होतो.

परिसर आणि पेय : भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. जिल्ह्यात आठ तालुके आहेत. धानाची शेती आणि भातगिरण्या ही त्याची ओळख असली, तरी देवरी, सालेकसा, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत जंगल मोठे आहे आणि त्या जंगलात मोह भरपूर. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच्या आधीपासून मोहाची मांसल, फिकट पिवळी फुले टपटप गळू लागतात. बायका आणि मुले उजाडताच टोपल्या घेऊन झाडाखाली वेचायला बसतात. अंगणात वाळवल्यावर ही फुले मनुक्यांसारखी तपकिरी आणि चिकट होतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक वाटा साखरेचा असतो. म्हणून ती भाकरीत आणि लाडवात जातात, जनावरांना घालतात, अडीअडचणीला विकतात, आणि आंबवतातही. गोंड समाजात जन्म, लग्न, मरण आणि देवपूजा या प्रसंगी मोहाच्या दारूला विधीतले स्थान आहे.

वाळलेली फुले पाण्यात भिजत घातली की काही दिवसांत त्यांचा सडवा तयार होतो. फुलांवरचे आणि भांड्यातले यीस्ट साखरेचे अल्कोहोल करते. इथवरची क्रिया बिअर किंवा वाइनच्या जातीचीच आहे. पुढे सडवा चुलीवर चढवून त्याची वाफ थंड करतात तेव्हा दारू मिळते. त्यामुळे गोंदियातल्या घरगुती मद्याला तीन भांडी लागतात : मुरवायचे, उकळायचे आणि धार झेलायचे. या तिन्हींच्या गरजा वेगवेगळ्या असल्याने एकच भांडे सगळीकडे चालवून नेले की घोटाळा होतो.

मातीचे मडके : मुरवण्याचे हे सर्वांत जुने भांडे. बाजारात मडके घेताना गिऱ्हाईक ते एका हाताच्या तळव्यावर तोलते आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने वाजवून पाहते. खणखणीत आवाज आला तर मडके पक्के भाजलेले. बद्द आवाज आला तर कच्चे किंवा तडकलेले. पाण्याच्या माठाची ही परीक्षा सडव्याच्या मडक्यालाही तितकीच लागू पडते. झिलई नसलेल्या मातीच्या छिद्रांतून पाणी झिरपते, ते बाष्प होऊन उडते आणि आतला द्रव बाहेरच्या हवेपेक्षा थंड राहतो. गोंदियाच्या कोरड्या उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांच्या आसपास जात असताना, हा गारवा फार मोलाचा ठरतो. ताप वाढला की यीस्ट घाईने काम करते आणि उग्र, डोक्याला चढणारी द्रव्ये जास्त तयार होतात. पावसाळ्यात हवा दमट झाली की मडक्याचा हा गुण उरत नाही.

त्याच छिद्रांत मागच्या खेपेचे यीस्ट दडून बसते आणि नव्या सडव्याला विरजणासारखे उपयोगी पडते. मात्र दारूचे व्हिनेगर करणारे जिवाणूही तिथेच घर करतात. एकदा मडके आंबूस वास धरू लागले की कितीही घासा, वास जात नाही. ते टाकून नवे आणणे हाच उपाय. मातीचे मडके स्वस्त असते आणि आंबट द्रवात धातू सोडत नाही. दाब मात्र ते मुळीच सोसत नाही, आणि धक्का लागला की संपले.

तोंड कसे बंद करायचे हा प्रश्न इथे कळीचा आहे. एक किलो साखर पूर्ण आंबली तर अल्कोहोलबरोबर सुमारे अडीचशे लिटर कार्बन डायऑक्साइड वायू निघतो. म्हणून मुरणाऱ्या मडक्यावर फडके किंवा पाने बांधतात, झाकण घट्ट बसवत नाहीत. वायू बाहेर जातो, कचरा आणि माश्या आत येत नाहीत.

जर्मनचा गंज : ॲल्युमिनियमला विदर्भात सर्रास जर्मन म्हणतात. हलका, स्वस्त आणि चटकन तापणारा जर्मनचा गंज मोहाच्या भट्टीवर मातीच्या हंड्याची जागा घेऊन बसला आहे. उकळत्या सडव्याच्या गंजावर दुसरे भांडे, त्यात धार झेलायचे छोटे भांडे, आणि सर्वांत वर थंड पाण्याने भरलेले भांडे अशी ही उतरंड असते. सांधे ओल्या मातीने किंवा चिंध्यांनी लिंपतात. वरचे पाणी तापले की बदलतात. पाणी जितक्या वेळा बदलले जाईल तितकी धार पातळ होत जाते, म्हणून ‘पहिल्या धारेची’ म्हणजे कडक, हे समीकरण.

उकळायला जर्मन चालून जाते, मुरवायला नाही. आंबलेला द्रव आम्लधर्मी असतो आणि ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर आम्लात विरघळतो. दिवसचे दिवस सडवा त्यात राहिला तर भांड्याला बारीक खड्डे पडतात आणि धातू पेयात उतरतो. चिंच किंवा ताक जर्मनच्या भांड्यात ठेवू नये असे घरोघरी सांगतात, त्यामागे हेच कारण आहे.

तांबे : वाफेच्या वाटेवर तांबे असले की आंबवणातली गंधकयुक्त, कुजकट वासाची द्रव्ये ते धरून ठेवते. स्कॉटलंडमधील व्हिस्कीच्या भट्ट्या तांब्याच्या असतात त्या यासाठी. गोव्यात काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या भट्टीत उकळण्याचे भाण पूर्वी मातीचे असे, पुढे तांब्याचे आले. वाफ झेलणारी लावणी मातीची. आणि तयार फेणी ठेवायला काचेचे मोठ्या पोटाचे गराफांव. प्रत्येक कामाला वेगळे भांडे कसे निवडावे याचा हा उत्तम नमुना आहे. मात्र आंबट सडवा तांब्यात साठवून ठेवला तर तांब्याचे क्षार उतरतात आणि मळमळ, उलट्या होतात. कल्हई केल्याने बचाव होतो, पण ती शुद्ध कथलाची हवी. शिसे मिसळलेली स्वस्त कल्हई किंवा शिशाचा डाग दिलेली नळी हे विषाचेच दार आहे.

लोखंडी आणि जस्ताचे ड्रम : ही भांडी वापरू नयेत असे निःसंदिग्धपणे सांगता येते. जस्ताचा मुलामा आम्लात झपाट्याने विरघळतो. कारखान्यातून आलेल्या जुन्या ड्रममध्ये आधी काय होते हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे दगावली. त्या दारूत मिथेनॉल, म्हणजे कारखान्यांत वापरायचे विषारी अल्कोहोल, होते. मिथेनॉलचा वास पिण्याच्या अल्कोहोलशी इतका मिळताजुळता असतो की नाकावर विसंबून काहीच कळत नाही. ड्रमचा इतिहास माहीत नसेल तर तो ड्रम घरात आणू नये, पाण्यासाठीसुद्धा.

प्लास्टिक : निळा ड्रम आता खेड्यापाड्यांत पोहोचला आहे. तो फुटत नाही, गंजत नाही, एक माणूस उचलून नेऊ शकतो. अन्नासाठी बनवलेल्या जाड पॉलिथिलीनच्या ड्रमवर ग्लास आणि काट्याचे चिन्ह असते. असा ड्रम मुरवायला चांगला आणि परदेशातले हौशी बिअरवालेही तो वापरतात. दोन पथ्ये पाळावी लागतात. तारेच्या घासणीने तो घासू नये, कारण ओरखड्यांत जिवाणू दडतात. आणि भट्टीवरून येणारी गरम धार थेट प्लास्टिकमध्ये झेलू नये, कारण तापलेले अल्कोहोल प्लास्टिकमधली द्रव्ये ओढून घेते. धार झेलायला काच किंवा स्टेनलेस स्टील हवे.

केग आणि त्याचे प्रकार : केग हे मुख्यतः दाबाखालचे पेय साठवण्याचे आणि वाढण्याचे भांडे आहे. बहुतेक केग स्टेनलेस स्टीलचे असतात; त्या स्टीलमधल्या क्रोमियममुळे त्यावर अदृश्य थर धरतो आणि तो आम्लाला दाद देत नाही. घरगुती बिअरसाठी सर्वांत लोकप्रिय आहे तो कॉर्नेलियस केग. तो शीतपेयांच्या पाकासाठी बनला होता. अमेरिकेत शीतपेय कंपन्या खोक्यातल्या पिशव्यांकडे वळल्या आणि हे जुने केग हौशी लोकांच्या हाती स्वस्तात आले. त्यात पाच अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर पेय मावते. पेप्सीच्या केगांना बॉल-लॉक तोंडे असत, कोका-कोलाच्या केगांना पिन-लॉक. बॉल-लॉकचा केग उंच आणि सडपातळ, पिन-लॉकचा बुटका आणि रुंद. एकाचे जोड दुसऱ्याला बसत नाहीत, म्हणून घेतानाच एक प्रकार ठरवून त्यालाच चिकटून राहावे. कॉर्नेलियसचा खरा गुण त्याच्या लंबगोल झाकणात आहे : ते काढले की हात आत जातो, तळ डोळ्यांनी दिसतो. झाकणाच्या रबरी कड्यावर साबणाचे पाणी लावून दाब दिला की बुडबुड्यांवरून गळती लगेच कळते.

बिअर कंपन्यांचा सँकी केग मुख्यतः २०, ३० आणि ५० लिटरचा असतो. त्याला वरून एकच तोंड, आत तळापर्यंत जाणारी नळी. तो दणकट आहे, पण घरी उघडून धुणे कठीण, आणि दाब न सोडता तोंड खोलले तर आतली नळी गोळीसारखी उसळून जीवघेणी इजा करू शकते. पाच लिटरचा छोटा केग एका मेळाव्यात संपवण्यापुरता बरा. एकदाच वापरायचा प्लास्टिकचा केग वाहतुकीला हलका, पण त्यातून हवा हळूहळू आत शिरते. इंग्लंडमधला ९ गॅलनचा, म्हणजे सुमारे ४१ लिटरचा फर्किन बिअर आतल्या आत मुरू देतो. एकदा उघडला की ती काही दिवसांत संपवावी लागते.

केगला थंडावा लागतो, हे गोंदियासारख्या जिल्ह्यात आधी लक्षात घ्यावे. चार अंश तापमानाला बिअरमधला वायू साधारण १२ पौंड दाबावर स्थिर राहतो. तीच बिअर ४० अंशांच्या खोलीत राहिली तर दाब चौपटीच्या आसपास जातो. कॉर्नेलियस केग १३० पौंडांपर्यंतचा दाब सोसतो, म्हणून तो तग धरतो. काचेची बाटली फुटू शकते. वीज वारंवार जाणाऱ्या गावात शीतकपाटाविना केग घेऊन फायदा नाही.

कायदा : १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात परवान्याविना मद्य तयार करण्यास मनाई करतो आणि त्यासाठीची सामग्री, भांडी, भट्टीचे साहित्य बाळगणे हाही गुन्हा मानतो. घरी बिअर करण्याचीही मुभा नाही. राज्यात ताजी बिअर परवानाधारक सूक्ष्म-मद्यनिर्मितीगृहांत मिळते. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेले डूलाली हे त्यातले आद्य. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरी बिअर करणे खुले झाले, गाळण्याला मात्र ती मुभा मिळाली नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात आणि छत्तीसगडमध्ये अनुसूचित जमातींना घरच्या वापरापुरती, ठरावीक मर्यादेत मोहाची दारू करण्याची सूट आहे. गोंदियाची सीमा या दोन्ही राज्यांना लागून आहे, आणि दक्षिणेला १९९३ पासून दारूबंदी असलेला गडचिरोली जिल्हा आहे.

या कात्रीचा परिणाम भांड्यांवर झाला. छाप्यांच्या बातम्यांत सडव्याने भरलेले प्लास्टिकचे ड्रम, जर्मनचे गंज आणि नळ्या हमखास दिसतात; सडवा जागेवरच ओतून टाकला जातो. विक्रीसाठी जंगलात, नाल्याकाठी चोरून गाळणारा टिकाऊ भांड्यावर पैसा घालत नाही. जप्त झाले तरी झळ बसू नये असे टाकाऊ भांडे तो उचलतो. त्या भांड्याची किंमत विकत घेऊन पिणारा मजूर आपल्या आरोग्याने चुकवतो, आणि त्याचे घर सावरण्याची जबाबदारी बाईवर येऊन पडते. दारूविरुद्ध उभ्या राहणाऱ्या गावोगावच्या महिलांचा राग म्हणूनच समजून घ्यायला हवा.

सद्यःस्थिती : २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुलांचे संकलन, साठवण आणि वाहतूक यांवरील जुने निर्बंध सैल केले. फूल खुले झाले, घरी गाळणे बंदच राहिले. त्यामुळे कायद्याच्या चौकटीत भांड्याची निवड आता मुख्यतः फूल साठवण्यासाठी करायची आहे. पूर्ण वाळलेली फुले झाकण घट्ट बसणाऱ्या स्टीलच्या किंवा अन्नयोग्य प्लास्टिकच्या डब्यात, जमिनीपासून उंच, पावसाच्या ओलीपासून दूर ठेवावी लागतात. ओल लागलेली फुले काळी पडतात, त्यांवर बुरशी धरते आणि बाजारात भाव पडतो. भरण्याआधी मूठभर फुले दाबून पाहावीत : बोटांना ओलसर चिकटा राहिला तर त्यांना आणखी उन्हाची गरज आहे.