पट्टस्थान-निश्चिती, अमेरिकी टपाल तिकिटांची
एकाच मुद्रणपट्टावर तिकिटाची आकृती शेकडो वेळा उमटविलेली असते. हाती आलेले सुटे तिकीट कोणत्या पट्टावरील कोणत्या जागी छापले गेले, हे त्याच्या रेषांतील सूक्ष्म भेदांवरून ठरविण्याच्या पद्धतीस पट्टस्थान-निश्चिती म्हणतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांची १८४७ व १८५१ ची तिकिटे हे या अभ्यासाचे विशेष समृद्ध क्षेत्र होय.

ब्रिटनच्या १८४० मधील काळ्या पेनी-तिकिटावर खालच्या कोपऱ्यांत अक्षरे असत व त्यांवरून तावातील जागा लगेच कळे. अमेरिकी तिकिटांवर अशी सोय नव्हती. तेथे स्थान उघड होते ते कारागिराच्या हातून राहिलेल्या खुणांमुळे. मूळ पोलादी ठशावरून आकृती प्रथम मऊ पोलादाच्या रुळावर उठवीत. रूळ कठीण केल्यावर तो पट्टावर दाबून प्रत्येक जागी आकृती उमटवीत. रूळ कमी फिरला, तर आकृतीची कड अपुरी राही. चुकलेली आकृती पूर्ण न पुसता पुन्हा रूळ फिरविल्यास रेषा दुहेरी दिसत. १८४७ च्या १० सेंट तिकिटाच्या पट्टावरील २०० स्थानांची पुनर्रचना एलियट पेरी यांनी अशाच भेदांवरून केली.

१ जुलै १८५१ पासून ३,००० मैलांपर्यंतच्या साध्या पत्रास आगाऊ ३ सेंट असा स्वस्त दर लागू झाला. त्यासाठी फिलाडेल्फियाच्या टॉपन, कार्पेंटर, कॅसिलियर आणि कंपनी या संस्थेने वॉशिंग्टनच्या चित्राची तिकिटे छापली. पट्टावर शंभर-शंभरांचे डावा व उजवा असे दोन भाग असत. बाहेरील चौकटीच्या रेषा नीट उमटत नसल्याने त्या जवळजवळ प्रत्येक जागी हाताने पुन्हा कोराव्या लागल्या. काही पट्टांवर आतील उभ्या रेषाही कोरल्या गेल्या. हाताचे काम असल्यामुळे कोणतीही दोन स्थाने तंतोतंत सारखी राहिली नाहीत.

व्यवसायाने डॉक्टर असलेल्या कॅरोल चेस यांनी या भेदांचा छडा लावला. अखंड ताव अतिदुर्मिळ असल्याने त्यांना जोड्या, पट्ट्या व लहान गट एकमेकांशी जुळवीत जावे लागले. एका जोडीतील उजवे तिकीट दुसऱ्या जोडीत डावीकडे सापडले, की साखळी एका दुव्याने वाढे. तिकिटे छिद्ररहित असल्याने लोक ती कात्रीने कापीत आणि कडेची रेषा कापली गेली, की ओळखीची खूणही जाई. पोस्टाच्या शिक्क्यात बहुधा वर्ष नसे. अशा वेळी १८५१ मधील नारिंगी-तपकिरी शाईची छटा काळ ठरविण्यास उपयोगी पडे. छिद्ररहित तिकिटांचे नऊ पट्ट होते, परंतु पहिल्याच्या तीन व दुसऱ्या-पाचव्याच्या प्रत्येकी दोन अवस्था धरता अवस्था तेरा, म्हणजेच स्थाने २,६०० होतात. चेस यांचा ग्रंथ १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला. १ सेंट तिकिटांवरील स्टॅन्ली अ‍ॅशब्रुक यांचा द्विखंडात्मक ग्रंथ १९३८ मधील आहे.

फ्रँक्लिनच्या चित्राच्या या १ सेंट तिकिटात स्थानाला केवळ संग्राहकी कुतूहलापलीकडचे महत्त्व आहे. वरखालच्या नक्षीसह पूर्ण आकृती छिद्ररहित तिकिटांपैकी फक्त एकाच जागी, पहिल्या पट्टाच्या पूर्वावस्थेतील उजव्या भागातील सातव्या स्थानी आढळते. १८५२ मध्ये हाच पट्ट दुरुस्त करण्यात आला. त्या वेळी २०० पैकी १९९ स्थानांच्या रेषा पुन्हा कोरल्या गेल्या आणि सातव्या स्थानाचे मूळ रूप लोपले. त्यामुळे त्याच्या मूळ प्रतींना फार मोठी किंमत येते. १८५७ पासूनच्या सच्छिद्र तिकिटांत मात्र पूर्ण आकृतीचे नमुने तितके विरळा नाहीत. त्यांच्या कडा कातरून ती छिद्ररहित म्हणून खपविण्याचे प्रयत्न झाले आहेत. तथापि अशा तिकिटाच्या रेषा सातव्या स्थानाच्या रेषांशी जुळत नाहीत, आणि ज्या नंतरच्या पट्टाशी त्या जुळतात, त्यावरून छिद्ररहित तिकिटे निघालेलीच नव्हती.