वळिवड्याची पोलिश छावणी आणि गांधीनगर

कोल्हापूरहून मिरजेकडे गाडीने निघाले की थोड्याच वेळात वळिवड्याचे स्टेशन येते. लगतचे गांधीनगर म्हणजे कापडाची घाऊक बाजारपेठ. लग्नाचा बस्ता बांधण्यासाठी तिकडे न गेलेले कुटुंब आपल्याकडे विरळाच. परंतु याच ठिकाणी एके काळी युरोपातील निर्वासितांची वसाहत होती आणि तेथे पोलिश भाषेच्या शाळा भरत होत्या, हे आपल्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून रशियाने आक्रमण केले. पुढील दोन वर्षांत पूर्व पोलंडमधील लक्षावधी माणसांना मालगाड्यांत कोंबून सायबेरिया व कझाकस्तानात हद्दपार करण्यात आले. १९४१ साली हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा लंडनमधील परागंदा पोलिश सरकारशी रशियाने करार केला आणि या लोकांची सुटका झाली. जनरल अँडर्स यांच्या फौजेच्या आश्रयाने १९४२ साली हजारो बायकामुले इराणात पोहोचली. पुरुष लढाईवर गेले. पण या बायकामुलांचे काय? त्यांत आपण ज्यांना यतीम म्हणतो अशी पोरेही पुष्कळ होती.

नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंह यांनी बालाचडी येथे अशा मुलांना प्रथम आसरा दिला, ही गोष्ट आता बरीच प्रसिद्ध आहे. मात्र हिंदुस्थानातील सर्वांत मोठी पोलिश वसाहत १९४३ साली उभी राहिली ती आपल्या वळिवड्यास. जहाजाने कराचीस उतरलेले सुमारे पाच हजार लोक येथे आणण्यात आले. राजाराम महाराज १९४० साली निवर्तले होते, गादीवर बालराजे होते आणि रिजन्सीचा कारभार चालू होता. अशा काळात संस्थानाने आपल्या भूमीवर ही वसाहत होऊ दिली.

येथे पैसा कोणाचा आणि कारभार कोणाचा, हे पाहण्यासारखे आहे. बराकी व व्यवस्था यांवर हिंदुस्थान सरकारची देखरेख होती. खर्चाचा भार लंडनमधील पोलिश सरकार ब्रिटनने दिलेल्या कर्जातून सोसत असे. पोलिश रेड क्रॉस, कॅथलिक पंथाची मंडळी आणि दूरदेशीच्या धर्मादाय संस्था औषधे, कपडे, पुस्तके पुरवीत. परंतु छावणीतील दैनंदिन जीवन निर्वासितांच्याच हाती होते. बहुतेक कुटुंबांना रोख भत्ता मिळे. बायका बाजार करीत आणि आपापली चूल पेटवीत. आसपासचे भाजीवाले, दूधवाले, शिंपी यांना त्यातून गिऱ्हाईक मिळाले. लंगराच्या रांगेत ताट घेऊन उभे राहणे आणि चार पैसे हाती घेऊन भाजीचा भाव करणे, यांत माणसाच्या मनाच्या दृष्टीने केवढे अंतर आहे!

शाळांचेही तसेच. प्राथमिकपासून वरच्या वर्गांपर्यंत शिक्षण पोलिश भाषेतून, पोलिश शिक्षकच देत. चर्च, इस्पितळ, बालवीर पथके, नाटके, सारे होते. ज्या मुलांची दोन-तीन वर्षे बर्फात लाकडे वाहण्यात किंवा भुकेने तळमळण्यात गेली होती, ती येथे परीक्षेला बसू लागली. परत जाण्याचा दिवस येईल तेव्हा मुले अडाणी राहू नयेत, एवढीच आईबापांची व गुरुजनांची धडपड होती.

तो दिवस मात्र आला नाही. युद्ध संपले तरी पोलंड रशियाच्या वर्चस्वाखाली राहिला, आणि जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यताच काढून घेतली. ज्यांच्या जिवावर छावणी चालली होती तेच सरकार कागदावरून पुसले गेले! संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थेने पुढे हात दिला. १९४६ साली बालाचडीची मुलेही येथेच आली. अखेर १९४७-४८ मध्ये लोक पांगले. कोणी इंग्लंडला, कोणी आफ्रिकेतील छावण्यांत, थोडे मायदेशी. एक पोलिश तरुणी मात्र कोल्हापूरकराशी विवाह करून येथलीच झाली.

रिकाम्या बराकी फार काळ रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीने उखडलेल्या सिंधी कुटुंबांना सरकारने तेथे वसविले आणि वस्तीस गांधीजींचे नाव मिळाले. पोलिश निर्वासित ज्या कराची बंदरात उतरले, त्याच बंदरातून हजारो सिंधी बाहेर पडले होते, हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे. या दुसऱ्या वस्तीपाठीमागे रेड क्रॉस नव्हता की परदेशी धन नव्हते. सरकारचे छप्पर आणि ज्ञातिबांधवांचा आधार एवढ्या भांडवलावर त्यांनी बाजारपेठ उभी केली. पुढे देशभर निर्वासितांना १९५४ च्या कायद्याने भरपाई मिळू लागली. त्या निधीत पाकिस्तानात गेलेल्या मुसलमानांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेचाही समावेश होता. एकाच्या उजाड घरावर दुसऱ्याचे घर उभे राहावे, असाच तो काळ होता.

करवीरला ही रीत अगदी नवी नव्हती. खेड्यांतून शहरात येणाऱ्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगे काढविली. संस्थानाने जागा व अनुदान द्यावे, समाजाने कारभार पाहावा, असा तो बेत. १९०६ साली महाराजांच्याच अध्यक्षतेखाली स्थापन झालेली मोहमेडन एज्युकेशन सोसायटी व तिचे बोर्डिंग याच बेताचे फळ. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा तेथूनच मॅट्रिक झाले असतील.

छावणीत जे दगावले ते पोलिश लोक कोल्हापुरातच दफन आहेत. महावीर उद्यानात त्यांच्या स्मृतीचा स्तंभ उभा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सा शहरातील कोल्हापूर स्मारकास पुष्पचक्र अर्पण केले, तेव्हा पुष्कळ कोल्हापूरकरांनी आपल्याच गावाचा हा इतिहास प्रथम ऐकला. उद्यानातील तो स्तंभ आपल्या शाळांच्या सहलीच्या वाटेवर आहे. शिक्षकांनी मुलांना तेथे घटकाभर थांबवावे.