गिंडीची लस आणि शाळेची नजर

देवीच्या रोगाने एके काळी या देशातील असंख्य मुले नेली. जी वाचली त्यांच्या चेहऱ्यावर कायमचे वण राहिले; कित्येकांची दृष्टीही गेली. या रोगाशी भारताने जो दीर्घकाळ झगडा केला, त्याचे एक शस्त्रागार चेन्नईतील गिंडी येथे होते. मद्रास इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर कर्नल किंग यांचे नाव धारण करणारी तेथील संस्था १८९९ मध्ये देवीच्या लशीचे केंद्र म्हणून सुरू झाली. वासरांच्या त्वचेवर लस वाढवावयाची आणि ती देवी काढणाऱ्यांकडे गावोगाव पाठवावयाची, हे तिचे काम. परंतु उन्हाळ्यात ही लस निकामी होई. पुढे उष्णतेतही टिकणारी सुकविलेली लस निघाली. ती तयार करणाऱ्या देशातील चार संस्थांत गिंडीप्रमाणेच बेळगावची संस्थाही होती.

राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. कोट्यवधी लोकांना लस टोचली गेली, तरी रोग हटेना. रोगी कोठे आहे हे वेळीच कळत नसे, हे त्याचे एक मोठे कारण होते. म्हणून १९७३ पासून घरोघर शोध सुरू झाला. देवी आलेल्या बालकाचे चित्र हाती घेऊन कार्यकर्ते बाजारात आणि शाळांत जात व ‘असे कोणी पाहिले आहे काय?’ असे विचारीत. वडीलधारे जे लपवीत, ते मुले निःसंकोच सांगत.

मात्र देवी कोणत्या आणि कांजिण्या कोणत्या, हे ओळखणे आवश्यक होते. देवीत आधी दोन-चार दिवस जोराचा ताप येई. मग चेहरा व हातपाय यांवर फोड दाट उठत, तळहात-तळपायही सुटत नसत, आणि एका भागातील सर्व फोड एकाच अवस्थेत असत. कांजिण्यांचे फोड छातीपोटावर व पाठीवर अधिक असतात. ते टप्प्याटप्प्याने येतात, त्यामुळे ताजे फोड व खपल्या शेजारी शेजारी दिसतात.

भारतातील अखेरचा देवीचा रोगी १९७५ मध्ये आढळला, आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले.

देवी गेल्या, पण गोवर राहिला. २०२२ मध्ये मुंबईत त्याची मोठी साथ आली. ताप, खोकला, वाहते नाक, लाल डोळे आणि नंतर चेहऱ्यापासून खाली उतरणारे पुरळ, ही त्याची खूण. पुरळ दिसण्यापूर्वीच चार दिवस तो इतरांस लागू लागतो. म्हणून लशीइतकीच वर्गातील शिक्षकाची जागरूक नजर आजही मोलाची आहे.