पडद्यावरचं वेड आणि ठाण्याचं इस्पितळ

गेल्या महिन्यात मुरबाडकडच्या एका खेड्यातून एक आई आपल्या तरुण मुलाला घेऊन आली. मुलगा सहा महिने कुणाशी बोलत नव्हता, रात्र रात्र जागायचा, आणि शेजारी आपल्याविरुद्ध कट करतात असं म्हणायचा. भगताकडे तीन फेऱ्या झाल्या होत्या. मी ठाण्याच्या मनोरुग्णालयासाठी चिठ्ठी लिहायला घेतली, तशी माऊली रडायलाच लागली. "डॉक्टर, तिथे नको. पिक्चरमध्ये दाखवतात तसा शॉक देतील, साखळीने बांधतील."

तिची भीती खोटी नव्हती, पण ती जुन्या काळातली होती. सिनेमा पाहून आल्यावर लोक मला ज्या गोष्टी सांगतात, त्या बऱ्याचदा अशाच जुन्या असतात. म्हणून आज थोडा इतिहास.

वेड बघायला गर्दी

वेडाचा तमाशा करणं सिनेमापेक्षा खूप जुनं आहे. लंडनमधल्या बेथलेम या इस्पितळात अठराव्या शतकात लोक करमणूक म्हणून मनोरुग्ण बघायला जात. १७७० मध्ये ही मोकळी ये-जा बंद झाली. त्यानंतर दीडशे वर्षांनी, १९२० मध्ये, जर्मनीत 'द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगारी' हा मूकपट आला. त्याच्या शेवटी कळतं की गोष्ट सांगणारा स्वतःच वेड्यांच्या इस्पितळात आहे.

पुढे इंग्लंडमध्ये चार-पाच भयकथा एकत्र गुंफलेले चित्रपट निघाले. १९७२ चा 'असायलम' आणि १९७३ चा 'टेल्स दॅट विटनेस मॅडनेस' हे त्यातले दोन. दोन्हींचा साचा एकच: इस्पितळातला एकेक रुग्ण आणि त्याची एकेक कथा. मुलाला न दिसणारा वाघ दिसतो, सगळे त्याला भास म्हणतात, आणि शेवटी वाघ खरा निघतो!

प्रेक्षक म्हणून आपल्याला यात मजा वाटते. पण डोक्यात एक गोष्ट बसून राहते: रुग्णाला जे दिसतं, जे ऐकू येतं ते खरंच असावं, म्हणजे हे 'बाहेरचं' असावं. प्रत्यक्षात भास हा मेंदूच्या आजाराचं लक्षण असतो, जसा ताप हे मलेरियाचं. रुग्णाला होणारा त्रास मात्र शंभर टक्के खरा असतो.

आपल्याकडची गोष्ट

आपल्या भागात कुणी विचित्र वागलं की लोक म्हणतात, "याला ठाण्याला पाठवा." पुण्याकडे हेच 'येरवड्याला' होतं. ठाण्याचं इस्पितळ १९०१ सालचं, नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाचं. त्या वेळी देशात १८५८ चा वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा होता, पुढे १९१२ चा आला. दोन्ही कायद्यांचा भर बंदोबस्तावर होता. दाखल करायला बहुधा दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागे, म्हणून लोकांच्या मनात इस्पितळ आणि तुरुंग एकच झाले. त्या काळी डॉक्टरांच्या हातात खरं औषधही नव्हतं. माणूस आत गेला तो कित्येकदा आयुष्यभर आतच राहिला.

शॉक आणि गोळी

विजेच्या झटक्याचा उपचार १९३८ मध्ये रोममध्ये सेर्लेटी आणि बिनी यांनी सुरू केला. सुरुवातीला तो भूल न देता दिला जाई. सगळं अंग झटके खाई, कधी हाडही मोडे. सिनेमाने हेच चित्र उचललं आणि आजतागायत सोडलेलं नाही. आज हा उपचार भूल आणि स्नायू सैल करणारं इंजेक्शन देऊनच करतात. तसं न करता देण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे. हा उपचार सर्वांना लागतही नाही. तीव्र नैराश्यासारख्या निवडक आजारात मात्र तो जीव वाचवतो.

खरी क्रांती १९५२ मध्ये झाली. पॅरिसमध्ये डिले आणि डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना देऊन पाहिलं आणि भास, संशय, आरडाओरडा कमी होऊ लागला. तेव्हापासून बहुतेक रुग्णांना घरी राहून उपचार घेणं शक्य झालं. पण गोळी घेऊन हळूहळू बरा होणारा माणूस पडद्यावर भीतिदायक दिसत नाही, म्हणून भयपटांना त्याचा उपयोग नाही.

साखळीचं काय? ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडी इथे आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या रुग्णांना पळता आलं नाही आणि २५ हून अधिक माणसं गेली. लक्षात घ्या, ते सरकारी इस्पितळ नव्हतं. दर्ग्याच्या आसऱ्याने चालणारं खासगी घर होतं. २०१७ च्या कायद्याने साखळीने बांधण्यास साफ मनाई केली आणि उपचार हा रुग्णाचा हक्क ठरवला.

"भूल भुलैया"ला काय म्हणायचं?

२००७ च्या या चित्रपटाबद्दल लोक मला सांगतात, "त्यात डॉक्टरच मांत्रिकाची मदत घेतो की!" गोष्टीत ते शोभतं. प्रत्यक्षात भगताकडे घालवलेले महिने महाग पडतात. कारण सायकोसिसमध्ये उपचार जितका लवकर, तितकं माणूस परत कामाला लागण्याची शक्यता जास्त. घरच्यांची श्रद्धा असेल तर नारळ फोडा, पण गोळी चुकवू नका. आणि मारहाण, चटके, उपाशी ठेवणं असले प्रकार २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहेत.

असा सिनेमा बघायचाच असेल तर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४) बघा. स्किझोफ्रेनिया झालेला भाऊ आणि त्याला सांभाळणारी बहीण यांची ती गोष्ट आहे. त्यात भूत नाही, दमलेलं घर आहे. माझ्या दवाखान्यात मला तेच घर रोज भेटतं.

मग करायचं काय?

२०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं की आजारानुसार शंभरातल्या ७० ते ९२ मनोरुग्णांना उपचार मिळतच नाहीत. त्यात अंतर आणि पैसा आहे, तशी भीतीही आहे. मुरबाडहून ठाणं गाठायचं तर एसटीने कल्याण आणि पुढे लोकल, म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. म्हणून सुरुवात जवळच्या सरकारी दवाखान्यात करा. '१४४१६' या टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र, फुकट आणि मराठीत बोलता येतं. झोप उडणं, एकटं बसणं, उगाच संशय, कानात आवाज, जीव द्यायची भाषा, यातलं काही दिसलं तर वाट बघू नका.

त्या आईला मी हेच सगळं सांगितलं. ती मुलाला घेऊन ठाण्याला गेली. आता दर महिन्याला गोळ्या आणते. मुलगा अजून पूर्ण बरा नाही, पण रात्री झोपतो, आणि यंदा आवणीला शेतात उतरला होता.