आप पंथ ते श्रमिक संघटना : तळोदा-शहादा परिसरातील एका चळवळीचे स्थित्यंतर

पश्चिम खानदेशातील तळोद्याजवळील मोरवड येथे भिल्ल समाजातील संत गुलाम महाराजांनी १९३०च्या दशकात भक्तीची चळवळ उभी केली. मद्यत्याग, स्वच्छता व सामुदायिक आरती हा तिचा आचारधर्म होता. परस्परांना ‘आप’ संबोधण्याची रीत मात्र त्याहून दूरगामी ठरली. सावकार व जमीनदारांकडून सदैव ‘अरे-तुरे’ ऐकणाऱ्या आदिवासीस आदरार्थी सर्वनाम मिळणे ही किरकोळ बाब नव्हे. १९२२-२३च्या देवी चळवळीतही मद्यत्यागाचा आदेश होता; परंतु ती लाट गावोगाव फिरून ओसरली. मोरवडला आरतीचे स्थान टिकले.

१९३८ मध्ये महाराजांचे निधन झाले. मॅक्स वेबर ज्यास करिष्म्याचे नित्यीकरण म्हणतो, तो वारशाचा प्रश्न बंधू रामदास महाराजांच्या नेतृत्वाने तात्पुरता सुटला. तथापि चळवळीचे खरे रूपांतर पुढील पिढीत झाले. भजनी परंपरेतून आलेले अंबरसिंग सुरतवंती यांनी जमीन व मजुरीचे प्रश्न हाती घेतले. १९७१च्या पाटीलवाडी प्रकरणानंतर या लढ्यास धार आली आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली.

येथे भक्ती मागे पडून राजकारण आले, असे सरसकट म्हणणे उचित नाही. या काळात शहादा परिसरातील आदिवासी स्त्रियांनी दारूची मडकी फोडली. गुलाम महाराजांच्या काळात जो वैयक्तिक नेम होता, तोच आता सामूहिक कृती झाला. आणि तो पाळवून घेण्याचा अधिकार संतांकडून स्त्रियांकडे गेला.