पोदेराची सायकल आणि आमचा रस्ता

गोव्यातल्या सायकलीचा इतिहास लिहायचा तर सुरुवात पोदेरापासून करावी लागते. मागे पावांची मोठी टोपली, तिच्यावर निळं प्लास्टिक, हँडलला भोंगा. पेडण्यात आजही उजाडताना तो भोंगा ऐकू येतो. आम्ही दहा-बारा जण रविवारी हेल्मेट घालून फिरतो आणि सायकलीसाठी वेगळी वाट मागतो. पोदेर मात्र ट्रकांच्या कडेने रोजच जातो, त्याला कुणी विचारत नाही.

आमच्या घरात सायकल शिरली ती शाळेमुळे. 1961 मध्ये गोवा मुक्त झाला, मग भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगावी मराठी प्राथमिक शाळा काढल्या. चौथीपर्यंत सोय दारात, पण हायस्कूल लांब आणि बस चुकली की दिवस गेला. माझी थोरली बहीण मॅट्रिक झाली ती बाबांच्या जुन्या सायकलीवर. मुलगी सायकल चालवते म्हणून वाड्यावर कुजबुज झालीच. आजीने एका वाक्यात ती मिटवली, "चालत गेली तर पोचेपर्यंत प्रार्थना संपते!"

आजोळ डिचोली तालुक्यात. मे महिन्यात आम्ही भावंडं अस्नोडा, मुळगाव करत सायकलींनीच जायचो. पुढे तोच रस्ता खनिजाच्या ट्रकांनी भरला. चीनने हलक्या प्रतीचं लोहखनिजही घ्यायला सुरुवात केली आणि 2010-11 मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांच्या वर खनिज बाहेर गेलं. सारमानसच्या धक्क्याकडे जाणारी ट्रकांची रांग आणि झाडांच्या पानांवर बसलेली तांबडी धूळ ज्यांनी पाहिली, त्यांना जास्त सांगायला नको. मामांनी नातवाची सायकल माळ्यावर टाकली. तक्रार तरी कुणाची करणार? रांगेतला एक ट्रक त्यांच्याच मुलाचा होता, बँकेच्या कर्जावर घेतलेला.

सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद झाल्या. माळ्यावरची सायकल खाली आली आणि त्याच घरातला ट्रक मिळेल त्या किमतीला गेला. म्हणून ‘खाणी गेल्या, रस्ता मोकळा झाला’ असं कुणी खुशीत म्हणालं की मला ते गोड लागत नाही.

आता पाळी पेडण्याची. महामार्ग चौपदरी झाला, 5 जानेवारी 2023 पासून मोपाला विमानं उतरतात. रस्ता रुंद झाला, पण कडेला शाळकरी पोराच्या सायकलीपुरती सुरक्षित पट्टी नाही. नेदरलँड्सचं कौतुक आपण ऐकतो, पण तिथेही 1971 साली रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसं गेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. मग आईबाप रस्त्यावर उतरले. सायकलींच्या वाटा तिथे त्यानंतर वाढल्या.

आमची मागणी लहान आहे. तिळारीचा कालवा पेडणे, डिचोली, बार्देश या तिन्ही तालुक्यांतून जातो. कालव्याच्या कडेने देखभालीची वाट असते. जिथे ती शाळेच्या अंगाला जाते, तिथे खडी दाबून द्या, पाण्याच्या बाजूला कठडा घाला आणि मोठ्या गाड्या येऊ नयेत म्हणून तोंडाशी दोन खांब रोवा, एवढंच. पत्र घेऊन गेलो तेव्हा एका साहेबांनी विचारलं, "हल्ली सायकल चालवतो कोण?" बहीण सोबत होती, सत्तरी ओलांडलेली. ती म्हणाली, "साहेब, तुमच्याकडे सकाळी पाव कोण आणतं?"

साहेब हसले. पत्रावर शिक्का मारून मिळाला, उत्तर अजून यायचंय. पावसात त्या वाटेवर कमरेएवढं गवत वाढतं. दिवाळीनंतर ते सुकलं की आम्ही टेप घेऊन रुंदी मोजायला जाणार आहोत.